‘नराधम’ म्हणून मोकळे होण्याआधी

कोपर्डीची घटना १३ जुलै २०१६ ची. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या या गावात एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. महिना पूर्ण होण्याच्या आत, ९ ऑगस्टला, तेव्हाच्या औरंगाबादेत क्रांती चौकातून पहिला मूक मोर्चा निघाला आणि त्यानंतर राज्यभर लाखोंचे मोर्चे निघाले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने तिघा दोषींना फाशीची शिक्षा सुनावली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. संतापलेल्या नागरिकांनी २० ऑगस्टला कित्येक तास रेल्वे रोखून धरली. महिनाभराने, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. खटला उभा राहण्याआधीच तो संपला.

या दोन्ही वेळी, आणि मधल्या अनेक घटनांच्या वेळी, मथळ्यांपासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत तेच शब्द फिरत राहिले. नराधम, लांडगा, सैतान, विकृत. संताप स्वाभाविक आहे. तो नसता तर समाज मेल्यातच जमा म्हणायचा. पण या शब्दांची एक अडचण आहे. ते गुन्हेगाराला माणसांच्या गणतीतूनच काढून टाकतात. ‘तो आपल्यातला नव्हताच’ असे एकदा ठरले, की त्याने हे कसे केले, आधी काय काय घडले, कुठे अडवता आले असते, हे प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. फाशी द्या, गोळी घाला, एवढेच उरते. मग पुढची घटना घडते आणि तेच शब्द पुन्हा बाहेर काढले जातात.

लैंगिक गुन्हेगारांच्या मानसिकतेचा पद्धतशीर अभ्यास जगात गेली पन्नासएक वर्षे चालू आहे. त्यातून निघालेला निष्कर्ष पचायला जड असला तरी उपयोगाचा आहे. बहुतेक अत्याचार हे डोक्यात अचानक शिरलेल्या वेडाचा परिणाम नसतात. त्यांना टप्पे असतात, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक टप्प्यावर ते रोखता येण्यासारखे असतात. मानसशास्त्राकडे मागायचे ते हेच. राक्षसाचे वर्णन त्याच्याकडे मागून उपयोग नाही आणि गुन्हेगारासाठी सबब तर मुळीच मागू नये.

विकृत म्हणजे आजारी?

‘असे करणारा मनोरुग्णच असणार’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज. ज्याला वैद्यकशास्त्र गंभीर मानसिक आजार म्हणते, म्हणजे भास होणे, भ्रम होणे, वास्तवाचे भान सुटणे, तो लैंगिक गुन्हे करणाऱ्यांपैकी फार थोड्यांमध्ये आढळतो. कायदाही मनोरुग्णाला सूट देतो ती कृत्य करताना आपण काय करतो आहोत हे समजण्याची क्षमताच नसेल तर. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ हेच सांगते. जो एकांत शोधतो, धमकी देतो, पुरावा लपवतो, त्याला आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक असते. उलट ‘मनोरुग्णाचे कृत्य’ असा मथळा छापला जातो तेव्हा त्याची किंमत सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाबाहेर रांगेत बसलेल्या स्किझोफ्रेनियाच्या निरुपद्रवी रुग्णाला मोजावी लागते. घरमालक त्याला खोली देत नाही, कारखाना कामावर परत घेत नाही. अशा आजारांचे रुग्ण, विशेषतः स्त्रिया, स्वतःच अत्याचाराला सहज बळी पडतात, हे मात्र कोणी छापत नाही.

दुसरा गैरसमज अनोळखी माणसाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, हे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. छळ झालेल्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. दर दोनपैकी एका मुलाला हा अनुभव येत असेल तर तो देणारे सारे जंगलातून आलेले लांडगे कसे असतील? ते घरात, वाड्यात, वर्गात, गाडीत, आपल्याच आसपास असतात आणि एरवी चारचौघांसारखे वागतात.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. लहान मुलांविषयी सततचे लैंगिक आकर्षण वाटणे ही वैद्यकीय वर्गीकरणातली एक नोंद आहे. पण मुलांवर अत्याचार करणारा प्रत्येक जण या गटातला नसतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकल सेटो यांच्या आणि इतरांच्या अभ्यासांनुसार अशा गुन्हेगारांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये हे आकर्षण आढळत नाही. बाकीच्यांच्या बाबतीत मूल हे सहज सापडणारे, प्रतिकार न करू शकणारे आणि गप्प बसवता येणारे माणूस असते, इतकेच. याची दुसरी बाजूही आहे. असे आकर्षण असलेले काही जण आयुष्यभर कोणत्याही मुलाला हात लावत नाहीत. आकर्षण ही एक गोष्ट आणि कृत्य ही दुसरी. या दोहोंमध्ये जे अंतर आहे, तिथेच प्रतिबंधाला जागा आहे.

कवटी मोजण्यापासून आजपर्यंत

गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो ही समजूत जुनी आहे. इटलीतील डॉक्टर सेझारे लोम्ब्रोझो यांनी १८७६ मध्ये पुस्तक लिहून ‘जन्मजात गुन्हेगार’ कवटी, जबडा आणि कान यांवरून ओळखता येतो असा दावा केला. विज्ञानाने तो केव्हाच मोडीत काढला. पण आरोपीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की ‘डोळ्यांतच दिसतंय बघा’ असे म्हणणारे आजही भेटतात. कोणी आरोपीची जात विचारतो, कोणी धर्म, कोणी प्रांत. या साऱ्यांचे मूळ लोम्ब्रोझोच्या त्याच चुकीत आहे. गुन्हा माणसाच्या जन्मात शोधायचा, म्हणजे आपली सुटका होते.

१९७९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ निकोलस ग्रॉथ यांनी पाचशेहून अधिक लैंगिक गुन्हेगारांबरोबरच्या कामावर आधारित पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की बलात्कारात वासना हे अनेकदा साधन असते. मागे असते ती सत्ता गाजवण्याची भूक, साचलेला राग किंवा, थोड्या जणांत, दुसऱ्याच्या वेदनेतून मिळणारे सुख. नंतरच्या संशोधकांनी ही विभागणी फार ठोकळेबाज ठरवली आणि लैंगिक हेतू पूर्ण वगळता येत नाही असे दाखवले. तरीही ‘वासना अनावर झाली’ या जुन्या स्पष्टीकरणाला त्यामुळे मोठा धक्का बसला. अनावर झालेली वासना माणसे नसलेली जागा आणि वेळ बघून अनावर होत नाही.

१९८० च्या दशकात जीन एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. मुलांवर अत्याचार करणारे स्वतःच्या मनाला पटतील अशी कारणे तयार ठेवतात. ‘मुलाने विरोध केला नाही म्हणजे त्याला चालले’, ‘यात त्याचे काही नुकसान होत नाही’, ‘मी त्याला शिकवतोच आहे’. मनातली लाज आणि भीती यांना बाजूला सारण्यासाठी विचारांतल्या या पळवाटा लागतात. मोठ्या स्त्रियांवरच्या अत्याचारांतही हेच दिसते. दिल्लीच्या तिहार कारागृहात मधुमिता पांडे या संशोधिकेने बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या शंभराहून अधिक पुरुषांशी संवाद साधला. त्यांतले बहुतेक चारचौघांसारखे निघाले. अनेकांना आपण केले तो बलात्कार होता हेच मान्य नव्हते, तर अनेकांनी दोष तिच्यावर ढकलला.

या पळवाटा गुन्हेगार एकटा तयार करत नाही. ‘ती हसली’, ‘रात्री बाहेर कशाला गेली’, ‘नाही म्हणते म्हणजे हो असते’, ही वाक्ये त्याला कट्ट्यावर, चित्रपटात आणि कधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडूनही तयार मिळतात. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आशिया-पॅसिफिकमधील सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत त्यात नव्हता. बांगलादेश आणि श्रीलंका होते. नाव उघड होणार नाही अशा पद्धतीने विचारल्यावर जवळपास चौथा हिस्सा पुरुषांनी पत्नीवर वा अन्य स्त्रीवर कधी ना कधी जबरदस्ती केल्याचे मान्य केले. का केली, याचे सर्वाधिक आलेले उत्तर होते हक्क. मला हवे होते, तो माझा हक्क आहे असे वाटले. त्यातल्या बहुतेकांना कायद्याने कधीच विचारले नव्हते. पत्नी वा प्रेयसी नसलेल्या स्त्रीवर जबरदस्ती करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती पहिल्यांदा विशीच्या आत केली होती. हा शेवटचा तपशील शाळा-महाविद्यालयांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

चार अडथळे

या साऱ्या सिद्धान्तांपैकी सामान्य पालकाला आणि मुख्याध्यापकाला सर्वांत उपयोगी पडेल असा सिद्धान्त अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ मध्ये मांडला. बालकावर अत्याचार घडण्याआधी चार गोष्टी पूर्ण व्हाव्या लागतात, असे ते म्हणतात. पहिली, मनात इच्छा असणे. दुसरी, स्वतःच्या मनातला अडसर दूर होणे. दारू, वर सांगितलेल्या पळवाटा, पकडले जाणार नाही ही खात्री यांमुळे तो दूर होतो. तिसरी, बाहेरचा अडसर दूर होणे, म्हणजे मूल एकटे सापडणे, कोणाचे लक्ष नसणे. चौथी, मुलाचा प्रतिकार मोडून काढणे. त्यासाठी जबरदस्ती, धमकी, खाऊ, लाड, गुपित, काहीही चालते. यातला एक अडथळा जरी भक्कम राहिला तरी अत्याचार होत नाही.

बदलापूरच्या प्रकरणाकडे या चष्म्यातून पाहावे. आरोपीच्या मनात काय होते ते आता कळणार नाही. खटला चालला असता, तज्ज्ञांनी तपासले असते, तर कदाचित काही कळले असते. ती वाट गोळीने बंद केली. आरोप सिद्ध झाले नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण तिसरा अडथळा कसा होता, हे मात्र समोर आले. सफाईचे काम करणारा पुरुष कर्मचारी कंत्राटावर नेमलेला होता आणि लहान मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत त्याला मोकळी वाट होती. तिथे महिला कर्मचारी नव्हती. सीसीटीव्हीचे चित्रण मिळू शकले नाही. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना बारा तास पोलीस ठाण्यात ताटकळावे लागल्याचे सांगितले गेले. मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. माहिती वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला. आरोपीला राक्षस म्हटले की या साऱ्या गोष्टी तळटीप होऊन जातात. खरे तर मुख्य मजकूर तोच आहे. माणसाच्या मनातली इच्छा बाहेरून दिसत नाही; स्वच्छतागृहाच्या दाराशी कोण उभे आहे, ते दिसते.

चौथ्या अडथळ्याविषयी मराठी घरांनी एक गोष्ट विशेष समजून घ्यायला हवी. अत्याचार करणारा बहुधा आधी ओळख वाढवतो. तो मुलाला चॉकलेट देतो, मोबाइलवर खेळ खेळू देतो, घरच्यांची कामे करून देतो, आईवडिलांचाही विश्वास मिळवतो. मग ‘आपलं गुपित’ सुरू होते. या पद्धतशीर जाळ्याला जगभर ‘ग्रूमिंग’ म्हणतात. ‘काकांना पापा दे’, ‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही’ ही आपली शिकवण या जाळ्याला आयती मदत करते. मोठ्यांच्या बाबतीतही विश्वासाचा हा सापळा दिसतो. पुण्याच्या स्वारगेट स्थानकात फेब्रुवारी २०२५ मध्ये घडलेल्या घटनेत, तक्रारीनुसार, आरोपीने तरुणीशी आदराने, बहिणीला हाक मारावी तसा बोलत संवाद सुरू केला आणि तिची गाडी दुसरीकडे लागल्याचे सांगून तिला उभ्या बसकडे नेले. त्याच्यावर चोरीचे गुन्हे आधीच नोंदलेले होते. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल; पण गोड बोलणे आणि धाक या दोन टोकांत लांडगा कुठे बसतो, याचा विचार करायला हवा.

गुन्हा पायरीपायरीने वाढतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबईच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात २२ ऑगस्ट २०१३ रोजी एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. तिने धैर्याने तक्रार केली, त्यानंतर दुसरी तरुणी पुढे आली. तिच्यावर त्याच जागी ३१ जुलैला अत्याचार झाला होता आणि त्यातले काही आरोपी तेच होते. तीन आठवडे कोणी विचारले नाही. ‘काही होत नाही’ हा अनुभव हीच दुसऱ्या अडथळ्याला लावलेली सर्वांत मोठी सुरुंग ठरते. टोळक्यात तर प्रत्येकाची लाज दुसऱ्याच्या हसण्यात विरून जाते. कोपर्डीच्या खटल्यातही मुलीची आधी छेड काढली गेल्याचे फिर्यादी पक्षाने मांडले होते. छेडछाडीला ‘पोरं आहेत, चालायचंच’ म्हणून सोडून देणारा समाज पुढची पायरी स्वतःच बांधून देत असतो.

समजून घेणे म्हणजे पाठीशी घालणे नव्हे

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, कारणे शोधली की गुन्हेगाराला सबब मिळते. ‘त्याच्यावरही लहानपणी अत्याचार झाला होता’ हे वाक्य सहानुभूतीसाठी वापरले जाते. बालपणी छळ सोसलेल्यांचे प्रमाण लैंगिक गुन्हेगारांत इतरांपेक्षा जास्त आढळते, हे खरे. पण छळ सोसलेल्या मुलांपैकी बहुतेक जण मोठेपणी कोणावरही अत्याचार करत नाहीत, हे त्याहून अधिक खरे. हे नीट सांगितले नाही तर पीडित मुलाकडेच उद्याचा गुन्हेगार म्हणून पाहिले जाते, आणि तो दुसरा अत्याचार ठरतो. क्षयरोग कसा पसरतो हे कळल्याने कोणी क्षयाच्या बाजूचे होत नाही. तसेच इथेही आहे. कारण समजल्याने जबाबदारी कमी होत नाही, कारण चारही अडथळे ओलांडताना प्रत्येक वेळी मागे फिरण्याची संधी त्या माणसाच्या हातात असते.

दुसरा आक्षेप स्त्री चळवळीचा आहे. गुन्हेगाराच्या मनात डोकावताना सत्तेचा प्रश्न निसटतो, असे ती म्हणते. मथुरा प्रकरण आठवावे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीने पोलिसांवर बलात्काराचा आरोप केला. १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, या आधारे पोलिसांना दोषमुक्त केले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. खाकी वर्दी, कोठडी, रात्रीची वेळ. इथे कोणत्या विकृतीचा शोध घेणार? हा आक्षेप मान्य करूनच मानसशास्त्राने पुढे जायला हवे. हक्काची भावना एका मेंदूत जन्मत नाही, तिला समाज खतपाणी घालतो. व्यक्तीचे मन आणि समाजाची सत्ता ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत.

वैद्यकशास्त्रालाही इथे आपले घर तपासावे लागते. अत्याचाराचा पुरावा म्हणून कित्येक दशके पीडितेचेच शरीर मोजले गेले. दोन बोटांच्या चाचणीने तिला ‘सवय’ आहे का, हे ठरवले जात असे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या दुरवस्थेवर सविस्तर अहवाल लिहिला आणि त्या बदलण्यासाठी पाठपुरावा केला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी चाचणी करणे हे गैरवर्तन ठरेल असे बजावले. आरोपीची ‘पुरुषत्व तपासणी’ करण्याचा प्रघातही याच जुन्या समजुतीतून आला. बलात्कार हा ताकदीचा आणि वासनेचा प्रश्न मानला गेला, म्हणून तपास तिच्या शरीराचा आणि त्याच्या क्षमतेचा झाला. त्याच्या मनाची, सवयींची, आधीच्या वागण्याची तपासणी मागेच राहिली.

उपचाराने फरक पडतो का?

कॅनडातील कार्ल हॅन्सन आणि केली मॉर्टन-बूर्गाँ यांनी २००५ मध्ये ८२ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी पाच-सहा वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेले सुमारे १४ टक्के होते. यात फक्त उघडकीला आलेले गुन्हे आहेत आणि आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले आहेत. तरीही ‘एकदा केले तो पुन्हा करणारच’ ही समजूत यात बसत नाही. पुन्हा गुन्हा करण्याशी सर्वाधिक संबंध आढळला तो दोन गोष्टींचा: ठाम विपरीत लैंगिक आवड आणि एकूणच बेदरकार, नियम न मानणारी वृत्ती. न्यायालयात रडला का, पश्चात्ताप दिसतो का, यांवरून भविष्य सांगता येत नाही. पॅरोल देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उपचारांचे चित्र संमिश्र आहे. विचारांतल्या पळवाटा ओळखायला आणि मोडायला शिकवणारे कार्यक्रम अनेक अभ्यासांत गुन्ह्यांचे प्रमाण घटवतात. पण इंग्लंड आणि वेल्समधील तुरुंगांत वर्षानुवर्षे चाललेला गाजलेला कार्यक्रम २०१७ मध्ये बंद करावा लागला, कारण त्यातून गेलेल्यांचे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण उलट किंचित जास्तच आढळले. म्हणून कोणी ‘हमखास उपचार’ सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. इंजेक्शनने वासना दाबण्याची मागणी दर घटनेनंतर होते. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये तिची शिफारस करण्याचे नाकारले. सत्ता गाजवण्याची भूक संप्रेरक कमी केल्याने शमत नाही. निवडक रुग्णांत, त्यांच्या संमतीने आणि समुपदेशनाच्या जोडीने औषधांचा उपयोग होतो, तो वेगळा विषय आहे.

अधिक आशादायक वाट गुन्ह्याच्या आधीची आहे. बर्लिनमधील शारिटे रुग्णालयात २००५ पासून एक प्रकल्प चालतो. मुलांविषयी आकर्षण वाटते पण गुन्हा करायचा नाही, असे म्हणणाऱ्यांना तिथे गोपनीय उपचार मिळतात. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने शारिटेच्या सहकार्याने असाच प्रतिबंधाचा कार्यक्रम सुरू केला. मराठी माणसाच्या मनात असे काही येत असेल तर तो कोणाकडे जाईल, या प्रश्नाला निदान एक उत्तर मिळाले. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार घडलेल्या अत्याचाराची माहिती देणे सर्वांवर, डॉक्टरांवरही, बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. पण मनात येणारा विचार म्हणजे गुन्हा नव्हे. घाबरलेल्या माणसाने गुन्हा घडण्याआधी डॉक्टरांकडे यावे, हे मुलांच्याच हिताचे आहे.

या शहराने काय करावे

छत्रपती संभाजीनगर हे मराठवाड्याचे शिक्षणाचे केंद्र. बीड, जालना, परभणीच्या मुली इथे वसतिगृहांत, भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि रात्री उशिरापर्यंत शिकवणीला जातात. त्यांच्यासाठी मेणबत्ती मोर्चाइतकेच साधे नियम गरजेचे आहेत. शाळा आणि शिकवणी वर्गांत बंद दाराआड एकटा प्रौढ आणि एकटे मूल असू नये. कंत्राटी कर्मचाऱ्यासह प्रत्येकाची पूर्वपडताळणी व्हावी. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाची जबाबदारी महिला कर्मचाऱ्याकडेच असावी. तक्रार आली तर ‘शाळेचे नाव खराब होईल’ या भीतीपेक्षा कलम २१ मधील शिक्षेची भीती मोठी वाटावी. शहरात दामिनी पथक आहे. छेडछाडीची किरकोळ वाटणारी तक्रारही त्याच्यापर्यंत जावी, कारण पहिली पायरी तीच असते.

मुलग्यांशी बोलणे सातवी-आठवीतच सुरू व्हायला हवे. संमती म्हणजे काय, नकार कसा ऐकायचा, मित्र चुकीचे करत असतील तर बाजूला कसे व्हायचे, हे गणिताइतकेच शिकवण्यासारखे आहे. घाटीसारख्या शासकीय रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांना अशा रुग्णांसाठी प्रशिक्षण आणि गोपनीय वेळ मिळायला हवी. हर्सूल कारागृहात शिक्षा भोगणारे बहुतेक कैदी एक ना एक दिवस बाहेर येणार आहेत. आत असताना त्यांच्या मनावर काम झाले नाही तर शिक्षा संपली तरी धोका संपत नाही. शिक्षा कडक आणि वेळेत व्हावी यात दुमत नाही. पण शिक्षा घटनेनंतर येते आणि मूल घटनेआधी वाचवायचे असते.

मुलाने काही सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवा. प्रश्नांची सरबत्ती करू नका, ‘आधी का नाही सांगितलंस’ हे तर विचारूच नका. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या विचारांची भीती वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे; तिथे मराठीत बोलता येते. आणि उद्या सकाळी मुलाला शाळेत सोडायला गेलात की दारावरच्या माणसाला एवढे विचारा: लहान मुलांच्या स्वच्छतागृहापाशी कोण असते?